फुकटच्या कतरणीचा हिशेब

मार्च 2023 मध्ये मी ज्या दुकानात हिशेब लिहायचे ते बंद झालं. वय चव्वेचाळीस, हातात बी.कॉम. आणि दहावीनंतर केलेला सहा महिन्यांचा शिवणक्लास. घरात आईचं काळं पायमशीन होतं, त्यावर वर्षानुवर्षं इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे. त्यानंतर दीड वर्षात मी उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून घालण्याजोगे कपडे शिवायला शिकले आणि ते विकायला लागणारे कागदही जमवले. ओळखीच्या तीन-चार बायकांनी "कसं केलंस, सांग ना" म्हणून विचारलं. फोनवर सांगायला गेले की तास जातो आणि निम्मं राहतं, म्हणून एकदाच लिहून काढतेय.

सोलापुरात राहणाऱ्याला कापडाचं नवल नसतं. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, गल्लीत अजून दोन घरी यंत्रमाग खडखडतात, आणि शाळेच्या गणवेशांचे कारखाने तर आता गावभर झालेत. एप्रिल-मेमध्ये तिथे रात्रपाळी चालते आणि संध्याकाळी दारात कतरणीची पोती उभी राहतात. 12 जूनला, सोमवार होता, मी अशाच एका कारखान्याच्या कटिंग मास्टरना विचारलं, "मास्टर, यातलं थोडं मिळेल का?"

"थोडं कशाला, पोतं न्या की ताई."

फुकट ते पौष्टिक म्हणत रिक्षाचे साठ रुपये देऊन मी पोतं घरी आणलं. वजन केलं तर 11 किलो. मास्टर म्हणाले होते, कितीही बारकाईने बेत लावला तरी शंभर मीटरला दहा-बारा मीटर कापड असं जातंच. मुंड्याचा, म्हणजे बाही बसते तिथला गोल, गळ्याचा गोल, दोन बाह्यांमधली फट. तेव्हा मला वाटलं होतं, अकरा किलो म्हणजे निदान पंचवीस कपडे.

त्यातून वापरण्याजोगं निघालं चार किलो.

निवडायलाच तीन दिवस गेले. हे काम मला शेजारच्या अक्कांनी शिकवलं. त्यांनी तरुणपणी एका गोदामात कापड निवडण्याचं काम केलं होतं. त्या डोळे मिटून तुकडा चोळायच्या आणि सांगायच्या, "हे टेरिकॉट. हे सुती. हे होजरी, हे बाजूला काढ, ह्यानं घात होतोय." मला हातानं कळेना, तेव्हा त्यांनी काडेपेटी आणायला लावली. तुकड्याचा एक धागा ओढून चिमट्यात धरायचा आणि पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच, आणि राख बोटानं चुरडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. दोन्ही मिसळलेलं, म्हणजे टेरिकॉट, असेल तर जळतंही आणि मणीही होतो. हे सिंकजवळ करा, पदर आवरून. मी पहिल्या दिवशी पायपुसण्याला भोक पाडलं.

पांढरं सुती जवळजवळ नव्हतंच. का, ते नंतर कळलं. कारखान्यांतून मशीन पुसायला पांढऱ्या सुती चिंध्यांना मागणी असते, त्यामुळे भंगारवाला ती आधीच वेगळी काढून जास्त भावानं नेतो. आपल्याकडे येतं ते राखाडी, निळं, चॉकलेटी आणि चौकडी.

निवडल्यावर धुणं. नवं कापड आहे, कशाला धुवायचं, असं मलाही वाटलं होतं. पण सुती तुकडा पहिल्या पाण्यात आटतो आणि टेरिकॉट आटत नाही. दोन्ही शेजारी शेजारी शिवले की पहिल्याच धुण्यात जाकिटाला फोड आल्यासारखं दिसतं. म्हणून जाळीच्या पिशवीत भरून सगळं रात्रभर भिजवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करून थर लावायचे. आमच्या सासूबाईंनी बादलीत मूठभर मीठ टाकलं होतं, रंग पक्का होतो म्हणून. होत नाही. विकतचा रंग मिठानं बसत नाही, हे मी पुढे ऑगस्टमध्ये नऊशे रुपये मोजून शिकले. ते येईलच.

लहानपणी आजीला वाकळ शिवताना पाहिलं होतं. खाली जुनं लुगडं पसरायचं, वर धोतराचे, झंपरांचे तुकडे मांडायचे, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. तुकड्याखाली तुकडा येऊन गुठळी झाली तरी बिघडत नाही, उलट ऊब वाढते. मी तोच हिशेब डोक्यात ठेवून पहिलं जाकीट बेतलं, आणि तिथेच फसले. वाकळ अंगावर पडून असते. जाकीट खांद्यावर बसतं, मुंड्यात वळतं, हात वर केला की ताणतं. गुठळी बरोबर तिथेच टोचते.

28 जूनला सुरुवात केली. मी तुकडे थेट जाकिटाच्या कागदी बेतावर मांडून एकेक जोडत गेले, म्हणजे आधी कळस मग पाया. कडा कधी जुळल्याच नाहीत. आठवड्यानं सगळं उसवलं. मास्टरनी एका वाक्यात सांगितलं ते असं: आधी तुकड्यांचं कापड तयार करा, मग ते नवंकोरं कापड समजून बेतून कापा. म्हणजे तुकडे जोडून पट्ट्या, पट्ट्या जोडून पाठीला पुरेल एवढा चौकोन, त्याला इस्त्री, मग कात्री. त्यात पुन्हा थोडी कतरण निघते आणि जीव हळहळतो. हळहळू द्यावा.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नाही, ती वहीत मांडल्यावर दिसली. तीन इंचांचा चौकोनी तुकडा घेतला आणि चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत दिला, तर वर दिसायला उरतो दोन इंचांचा. नऊ चौरस इंचांतले चार. निम्म्याहून जास्त कापड शिवणीनं खाल्लं आणि ते सगळं आत जाड होऊन बसलं. शिवणीला पाव इंचच दिला तर उरतात सव्वासहा. आणि तुकडाच पाच इंचांचा घेतला तर पाव इंच देऊनही पंचविसातले सव्वावीस हाती राहतात. तेव्हापासून चार बोटांपेक्षा अरुंद तुकडा मी कपड्यात घेत नाही. तो उशीत जातो. शिवणी पाव इंचाच्या, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांच्या शिवणी इस्त्रीनं उलटसुलट बाजूंना पाडायच्या, म्हणजे चौकात चार थर एकावर एक येत नाहीत. हे करण्याआधी माझ्या तीन सुया मोडल्या. नेहमीच्या कामाला 14 किंवा 16 नंबरची सुई चालते. चादरीच्या तुकड्यांना 18 लावा आणि चौकाशी आल्यावर पायडलवरचा पाय उचलून चाक हातानं फिरवा.

पहिलं जाकीट 9 जुलैला पुरं झालं. बिनबाह्यांचं, राखाडी-निळ्या चौकड्यांचं, आतून अस्तर. एकोणीस तास लागले, वहीत लिहून ठेवलेत. मी खूश होते. लेक घरी आली, तिनं घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे घालून गेले ना, तर मला प्रार्थनेला उभं करतील."

खरंच होतं. एका शाळेचा शर्ट, दुसरीची पँट, तिसरीचा ट्यूनिक, सगळ्यांचं मिळून एक जाकीट. ज्यानं गणवेश घातलाय त्याला ती चौकडी ओळखू येतेच. कतरण फुकट असली तरी तिला आधीचा चेहरा असतो, तो पुसावा लागतो. मी मग तीन उपाय केले. चौकडीची उलटी बाजू वर घेतली, ती जरा फिकी आणि मऊ दिसते. चौकडी उरेब कापली, म्हणजे रेघा तिरक्या गेल्या. फक्त उरेब तुकडा ताणतो, म्हणून त्याला मागून पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावावं लागतं. आणि तिसरं, गणवेशाच्या कापडाला पार वेगळ्या कुळातला जोडीदार दिला: सोलापुरी चादरीचे काठ, आणि ब्लाउज शिवणाऱ्या बायकांकडचे खणाचे तुकडे. राखाडीवर खणाची एक पट्टी आली की शाळा सुटते.

चादरीचे तुकडे मिळवणं सोपं गेलं. विणीत चूक निघालेल्या चादरी कमी भावात मिळतात, आणि त्यांचे कापलेले काठ तर कुणी मोजतही नाही. पण हे कापड जड असतं आणि कापल्या कापल्या दशा सुटतात. आधी ओव्हरलॉक, म्हणजे कडा दोऱ्यानं बांधून घेणं, मगच शिवण. माझ्याकडे ओव्हरलॉक मशीन नाही. कोपऱ्यावरच्या पिको-फॉलवालीकडे करून घेते, एका जाकिटाचे वीस रुपये.

ऑगस्टमध्ये मामेबहिणीनं नऊशे रुपये आगाऊ देऊन जाकीट सांगितलं. माझं पहिलं गिऱ्हाईक. मरून खण, मोतिया रंगाचं अस्तर. खण मी मीठ घालून धुतला होता, वाळवला होता, निर्धास्त होते. तिनं पहिल्यांदा धुतलं आणि फोटो पाठवला. मोतिया अस्तरावर गुलाबी ढग. पैसे परत केले. ती नको म्हणत होती, पण तो मान राखायचा असतो. आता खणाचा प्रत्येक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात घट्ट गुंडाळते आणि त्यावर गरम इस्त्री दाबते. रुमालाला रंग लागला की तो तुकडा कपड्यात जात नाही, कितीही सुंदर असो. पाटल्यांसारखे सांभाळून ठेवलेले असे बरेच तुकडे माझ्याकडे पडून आहेत.

तोवर आणखी एक झालं. दुसऱ्या पोत्याला गेले तेव्हा दारात भंगारवाला उभा. त्याचा कारखान्याशी वर्षाचा व्यवहार ठरलेला होता आणि मी त्याच्या मालाला हात लावत होते. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मास्टर दोघांच्या मधे अवघडून उभे. शेवटी त्याच्याकडूनच किलोला तीस रुपयांनी घ्यायचं ठरलं, निवडून. हे एका परीनं बरं झालं. फुकटचं पोतं घरी आणून सात किलो नको ते पुन्हा बाहेर टाकण्यापेक्षा तीस रुपयांत हवं तेच मिळतं.

सप्टेंबरात कागदांचा सोस लागला. म्हणजे लावून घ्यावा लागला. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी बचत गटांचं एक प्रदर्शन भरणार होतं, टेबलासाठी अर्ज होता, आणि अर्जात उद्यम क्रमांक (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) आणि व्यवसायाच्या नावाचं बँक खातं असे दोन रकाने होते. मला वाटलं, उद्यम नोंदणी म्हणजे फॉर्म भरायचा. 4 सप्टेंबरला मोबाइलवर शोधलं, पहिली जी साइट आली तीवर माहिती भरली. तिरंगा होता, अशोकस्तंभासारखं काहीतरी होतं, शेवटी 1,999 रुपये भरा असं आलं. भरले. दुसऱ्या दिवशी फोन, "मॅडम, नाव जुळत नाही, आणखी सातशे लागतील." तेव्हा ट्यूब पेटली. उद्यम नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही. कुठला कागद अपलोडही करावा लागत नाही; आधार, पॅन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी, बस. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर ती उद्यमची सरकारी साइट नाही. 1,999 रुपये गेले ते गेले. नवऱ्याला ही गोष्ट मी दिवाळीनंतर सांगितली.

पण "नाव जुळत नाही" हे मात्र खरं निघालं. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. पॅन लग्नाआधी काढलेलं, नंतर कधी घोडं अडलं नव्हतं म्हणून तसंच राहिलं. आपल्याकडे किती जणींचं असं असेल! खऱ्या साइटवर पॅन टाकलं की ती आधारवरच्या नावाशी ताडून पाहते आणि तिथेच थांबवते. म्हणजे आधी पॅन दुरुस्ती. लग्नामुळे नाव बदललेल्या बाईसाठी पुरावा म्हणून तेव्हा जे कागद चालत त्यांच्या यादीत विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली प्रसिद्धी, पतीचं नाव असलेला पासपोर्ट यांच्या जोडीला चक्क लग्नपत्रिकाही होती. माझ्याकडे नगरपालिकेचं विवाह प्रमाणपत्र होतं म्हणून पत्रिका शोधावी लागली नाही, पण आहेराच्या पेटीत ती असेल तर फेकू नका. 11 सप्टेंबरला अर्ज, 107 रुपये फी. मधे गणपती आले आणि गेले. 3 ऑक्टोबरला पोस्टमननं नवं कार्ड दिलं.

5 ऑक्टोबरला उद्यम नोंदणी वीस मिनिटांत झाली. अडले फक्त एका जागी, कामाचा कोड निवडताना. लोकांच्या मापाचे कपडे ऑर्डरप्रमाणे शिवून देणाऱ्यांचा 14105, तयार कपडे बनवणाऱ्यांचा 14101. मी आधी शिवते, मग विकते, म्हणून 14101 आधी घातला; कुणी माप देऊन शिवून मागतंही, म्हणून दुसराही जोडला. एकापेक्षा जास्त कोड घालता येतात. आणि उत्पादन की सेवा विचारतात तिथे उत्पादन.

मग गुमास्ता, ज्याला सगळे अजून शॉप अ‍ॅक्ट म्हणतात. मी केलं तेव्हा महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसं असतील तर परवाना लागत नव्हता, फक्त कळवायचं असायचं. ऑनलाइन फॉर्म एफ भरायचा, पावती मिळते तीच जपून ठेवायची. माझ्या आस्थापनेत मनुष्यबळ एक, मी. त्यासाठी मराठी पाटी लावून फोटो द्यावा लागला. लेकीनं पुठ्ठ्यावर रंगवून दिली, आजीचं नाव, खाली "तुकड्यांचे कपडे". फोटो काढून झाल्यावर पाटी काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे की." ती अजून आहे.

चालू खात्याला तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला रबरी शिक्का नव्हता (तो नव्वद रुपयांत बसस्टँडजवळ अर्ध्या तासात मिळतो, आधीच करून न्या). दुसऱ्या खेपेला ज्या मॅडमकडे काम होतं त्या रजेवर. तिसऱ्या खेपेला 5,000 रुपये भरून अर्ज घेतला आणि चार दिवसांनी एक साहेब जागा बघायला घरी आले. त्यांनी मशीन पाहिलं, पाटी पाहिली.

"मालाचं गोदाम कुठंय?"

मी पलंगाची चादर वर केली. खाली रंगांप्रमाणे लावलेल्या अकरा पिशव्या. साहेब हसले नाहीत, फॉर्मवर "निवासस्थानी" असं लिहिलं आणि चहा घेऊन गेले. 2 नोव्हेंबरला खातं चालू झालं.

जीएसटीची धास्ती मला उगाच होती. वस्तू विकणाऱ्याला आपल्याकडे वर्षाची उलाढाल चाळीस लाखांवर गेल्याशिवाय नोंदणीची सक्ती नाही. माझी हजारांत. ऑनलाइन बाजारावर विकायचं तर मात्र पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची; 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय, नुसता एक नोंद क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरतं विकता येतं. मी तो पुढे फेब्रुवारीत घेतला. तीन महिन्यांत नऊ नग गेले, चार परत आले. फोटोतलं जाकीट आणि हातातलं जाकीट एकच हवं, हा गिऱ्हाइकाचा हक्कच, आणि माझी दोन जाकिटं कधी सारखी नसतात. प्रत्येकाचा वेगळा फोटो, वेगळं माप, वेगळं वर्णन. यात अर्धा दिवस जातो. तो नाद सध्या सोडलाय.

डिसेंबरभर शिवलं. तोवर एका जाकिटाला नऊ तास लागायला लागले होते. किंमत ठरवताना मात्र गाडी रुतली. एका जाकिटाला कतरण पंधरा रुपयांची, अस्तर पंचाहत्तरचं, फ्यूजिंग वीस, दोरा पंधरा, बटणं पंचवीस, काज करणावळ वीस, ओव्हरलॉक वीस. झाले 190. माझे नऊ तास पन्नासनं धरले तर 450. म्हणजे 640, आणि त्यात निवडणं-धुणं-वाळवणं नाहीच. मी पहिल्यांदा 450 किंमत लावली होती. दुकानाच्या वह्यांत इतकी वर्षं लोकांचे पैसे मोजले, आणि स्वतःचे नऊ तास खुशाल शून्य धरले होते! नवऱ्यानं नुसतं विचारलं, "तुझ्या मालकानं तुला असा पगार दिला असता तर?" तेव्हा 850 ची चिठ्ठी लावली, आणि हात थरथरला हे कबूल करते.

प्रदर्शन 5 ते 7 जानेवारी 2024. तीन दिवसांच्या टेबलाचे 1,500 रुपये. माझ्याकडे चौदा जाकिटं, लहान मुलांची आठ, आणि उरल्यासुरल्या खणाच्या वीस पोतड्या. पहिला दिवस वाईट गेला. बाया यायच्या, हातात घ्यायच्या, आतून-बाहेरून बघायच्या (आपल्या बायका आतली शिवण बघितल्याशिवाय पुढे बोलत नाहीत, म्हणून आतून नीट शिवा), आणि चिठ्ठी बघून ठेवून द्यायच्या. एक आजी स्पष्टच म्हणाल्या, "चिंध्यांचे साडेआठशे? अगं, आम्ही वाकळीसुद्धा कुणाला विकल्या नाहीत." मला उत्तर सुचलं नाही. रात्री घरी येऊन रडले, तेही लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या. टेबलावर निवडलेल्या तुकड्यांची एक टोपली ठेवली आणि शेजारी जाकीट उलटं करून टांगलं, आतली बाजू बाहेर. काय होतं आणि काय झालं, ते बोलण्याआधीच दिसायला लागलं. "चिंधी" हा शब्द मी तोंडातून काढला नाही, पण लपवलाही नाही; विचारलं की सांगायचे, गणवेशाची कतरण आहे. दुपारी मास्टर बायकोला घेऊन आले. एक जाकीट बराच वेळ चाचपत राहिले आणि बायकोला म्हणाले, "हा तुकडा बघ, हा त्या मोठ्या ऑर्डरचा, मेमधला. हा माझ्या कात्रीतला." त्यांनी घेतलं नाही, पण त्यांच्या बायकोनं घेतलं, पूर्ण भावानं, आणि मी सूट द्यायला गेले तर मास्टरच रागावले.

तीन दिवसांत मोठी जाकिटं पाच गेली, मुलांची सहा, साडेतीनशेनं, आणि पोतड्या सतरा, ऐंशीनं. एकूण 7,710. टेबल, चहा, रिक्षा आणि वह्यांतला सामानाचा खर्च वजा जाता हातात साडेतीन हजारांच्या आसपास. तीन महिन्यांच्या कामाचे. आकडा असा उघडा लिहिण्याचं कारण एवढंच की "घरबसल्या महिना पंचवीस हजार" छापाचे व्हिडिओ मीही पाहिले होते. मुलांचं जाकीट त्या प्रदर्शनाचा खरा धडा निघालं: तुकडे कमी, साडेतीन तासांचं काम, आणि आजोबा-आजी घासाघीस करत नाहीत. यंदा निम्मा वेळ त्यावरच देतेय. पोतड्या पटापट खपतात, पण त्या शिवताना मला जांभया येतात, म्हणून बेताच्याच.

प्रदर्शनात शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेचं सांगितलं. अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. 23 जानेवारीला सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या सेवा केंद्रात जाऊन नोंदणी केली. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि अंगठा. नोंदणी मोफत आहे आणि कुटुंबातून एकालाच मिळते, घरात कुणी सरकारी नोकर नको. माझा अंगठा मशीनला पटेना. सुईनं टोचून टोचून रेघा पुसल्यात, असं केंद्रातला मुलगा म्हणाला. कोमट पाण्यानं हात धुऊन, पुसून, चौथ्यांदा लागला. त्यानंतर पडताळणीच्या तीन पायऱ्या असतात. मधे लोकसभेची आचारसंहिता आली, आणि मी विसरूनही गेले. जुलैअखेर मेसेज आला.

प्रशिक्षण 20 ते 24 ऑगस्ट 2024, पाच दिवस, चाळीस तास, रोजचे पाचशे रुपये विद्यावेतन, ते नंतर खात्यात येतं. अवजारांसाठी 15,000 चं ई-व्हाउचर. शिवाय पाच टक्के व्याजानं आधी एक लाखापर्यंत कर्ज मिळतं, अठरा महिन्यांत फेडायचं. ते मी घेतलं नाही. माझ्या कामात कमी पडतो तो पैसा नाही, वेळ, आणि वेळ कर्जानं मिळत नाही. ज्यांना ओव्हरलॉक आणि दोन मशिनी टाकून गणवेशांची जॉबवर्कं घ्यायचीत, त्यांनी जरूर विचार करावा. आमच्या वर्गातल्या सहा-सात जणींनी अर्ज केलाय.

वर्गात आम्ही तीस बायका. निम्म्या माझ्याहून सफाईनं शिवणाऱ्या. वीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या एका अक्कांनी मला मुंड्याला उरेब पट्टी कशी लावायची ते पाच मिनिटांत दाखवलं, जे मी वर्षभर चुकीचं करत होते. पट्टी किंचित ताणून लावायची, म्हणजे मुंडा आत बसतो, उघडा पडत नाही. एवढंच. पण कुणी हातात हात धरून दाखवल्याशिवाय ते कळत नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीला मीटरभर पांढरं पॉपलीन दिलं, मुलाचं झबलं बेतून शिवायला. कोरं, अखंड, कडक कापड. मला ते कापवेना. कितीतरी महिन्यांनी एवढा मोठा तुकडा हातात आला होता. शिवून झालं, फोटो झाले, सगळ्या जणी डबे भरून निघाल्या. मी पिशवी काढली आणि टेबलांखाली वाकले.

झाडू घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, "मावशी, राहू द्या, मी झाडते की."

"तू कोपरे झाड," मी म्हटलं, "मधलं मी उचलते."

घरी येऊन वजन केलं. एक किलो चारशे ग्रॅम, सगळं पांढरं सुती.